सबमरीन नव्हे, पाणबुडी

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे दुसऱ्याचा शब्द दुरुस्त केल्याशिवाय मला घास गिळत नाही. मुलगा नौदलात लागला आणि सबमरीनवर गेला, तेव्हा आमच्या पुरुषोत्तमनगरात सगळे ‘सबमरीन’च म्हणत होते. बरं चाललं होतं. मीच एकेकाला धरून सांगत सुटलो, सबमरीन नव्हे, पाणबुडी म्हणा. आपल्या भाषेत इतका नेमका शब्द असताना जीभ कशाला वाकडी करायची? बायकोकडून तर घोकूनच घेतलं.

आता आमच्याकडे पाणबुडी म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही, बोअरमध्ये सोडलेली मोटार येते. पोरगा सुटीवर आला की कोणीतरी हमखास विचारायचं, “मन्ही पाणबुडी पानी कमी फेकी ऱ्हायनी, जरा पाही दे ना भो.” तोही असा बिलंदर की ‘पाईप बदला’ म्हणून खुशाल सल्ला द्यायचा. माणूस गेल्यावर आम्ही पोट धरून हसायचो.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाईला तोंड लागलं आणि आमचं हसणं बंद झालं. त्याचा शेवटचा फोन जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. “पप्पा, आता काही दिवस फोन लागणार नाही. काळजी करू नका.” काही दिवस म्हणजे किती, हे विचारेपर्यंत त्यानं ठेवलासुद्धा.

मला एका जागी बसवेना. टीव्ही लावला की चॅनेलवाले निम्मा समुद्र पेटवून मोकळे झालेले असायचे. बंद केला की पंख्याची घरघर ऐकू यायची आणि तीही नकोशी व्हायची. वर्तमानपत्र तीनतीनदा वाचायचो, अगदी पपईवरच्या रोगाचा सल्लासुद्धा. सायकलवर साखर कारखान्याच्या गेटपर्यंत जायचं, परत यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं. बायको म्हणायची, “तुम्हले देखीसन माले चक्कर येस. बसा ना एका जागे.” ती स्वतः मात्र निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसलेली असायची.

त्यात डोक्यात एक जुनी गोष्ट घुसली होती. पूर्वेकडच्या बंदरात ट्रेनिंगला असताना सुटीवर आला, तेव्हा पोरानंच ती आम्हा दोघांना सांगितली होती. मागच्या एका युद्धात शत्रूची पाणबुडी आपल्या मोठ्या जहाजाच्या मागावर अख्ख्या देशाला वळसा घालून त्या बंदराच्या तोंडाशी आली आणि तिथंच बुडाली. आतला एकही माणूस वाचला नाही. कशानं बुडाली यावर अजून वाद घालतात, आणि ती अजून तिथंच तळाला आहे. मी तेव्हा म्हटलं, “बरं झालं, जिरली.” पोरगा हसला नाही. म्हणाला, “पप्पा, आत आमच्यासारखीच माणसं होती. एका खाटेवर आळीपाळीनं झोपणारी.” मला राग आला होता. शत्रूचा कसला एवढा कळवळा, म्हणून त्या दिवशी जेवताना मी त्याच्याशी बोललोही नाही. आता सायकल मारताना तीच माणसं डोळ्यांपुढे यायची, आणि सगळ्यांचे चेहरे माझ्या पोराचे असायचे.

एक दिवस दुपारी असाच निघालो. नातेवाइकांचे खरेखोटे मेसेज नकोत, म्हणून मोबाईल मुद्दाम घरीच ठेवला. परत आलो तर शेजारी गल्लीच्या तोंडाशी उभे. “आधी घरी चला,” म्हणत त्यांनी माझ्या हातातली सायकल काढून घेतली. तिथून घरापर्यंत कसा गेलो, मला आठवत नाही.

घरात बायका जमलेल्या. बायको भिंतीला टेकून बसलेली, रडून रडून आवाज बसलेला. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारणीनं आमचा गॅस बंद केला होता आणि स्वतःच्या घरून भाकरी आणून ठेवल्या होत्या. त्या भाकरी पाहिल्या आणि काय झालंय ते मला कळलं. “कोणी सांगितलं?” मी विचारत राहिलो. शेवटी बायको बोलली. धानोऱ्याहून, म्हणजे तिच्या माहेरून, भाच्याचा फोन आला होता. तो आत्याला फुई म्हणतो. “तो बोलना, फुई, पाणबुडी गयी. आते काही हाती लागत नही.” एवढं ऐकलं आणि फोन तिच्या हातातून गळून पडला, तो बंदच झाला.

नौदलाची बातमी आमच्याआधी धानोऱ्याला कशी पोचेल? माझ्यातला मास्तर त्या अवस्थेतही जागा झाला. मी माझ्या मोबाईलवरून भाच्याला फोन लावला. तो रडवेला होऊन म्हणाला, “काय सांगू फुवा, दोरच तुटी गया. मोटार सरळ बोरमा. सगळी पपई वाळी जाई आते.”

मी त्याला ज्या शिव्या घातल्या, त्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडायच्या नाहीत. मग मटकन खाली बसलो आणि हसत सुटलो. बायकाही हसायला लागल्या, शेजारणीनं गॅस लावून चहा टाकला. बायको तेवढी हसली नाही. पदरानं तोंड पुसत म्हणाली, “माले पाऊन तासमा समजनं. त्या बुडेल पाणबुडीवाला पोरेसनी मायसले कोनी फोन कया व्हई, चूक व्हयनी म्हनी?”

चूक झाली, असा फोन त्या आयांना कोण करणार होतं? ‘जिरली’ म्हणालो होतो, त्याची मला शरम वाटली. चहा तसाच निवला.

लढाई थांबली, तरी पोराचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी नळाला पाणी आलेलं असताना फोन वाजला. तोच होता, सुखरूप होता. मी इतके दिवस एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, की आता किनाऱ्यावरचं काम माग. ते बोलायच्या आत बायकोनं फोन ओढून घेतला. मोटारीचं, भाकरींचं, सगळं तिनं हसत हसत त्याला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “मी तुन्हावर एक डाव रडी लिधं, बापू. आते मन्ही भीती गयी. तू तुन्हं काम कर.” आणि फोन माझ्या हातात दिला.

यावर मी किनाऱ्याचं काय बोलणार? “पप्पा, ऐकू येतंय ना?” तो विचारत होता. मी नुसतं हो म्हणालो.

पोरगा परवा पुन्हा पाण्याखाली गेला. बायको निवांत आहे, तिचं रडून झालंय. त्या पाऊण तासात मी घरी नव्हतो. माझं अजून व्हायचं आहे.