दारं गच्च लाव

माझ्या फोनमध्ये दोन गावांचं हवामान दिसतं. एक आमच्या जोयड्याचं आणि दुसरं लेकीच्या गावाचं. ती अमेरिकेत, पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात राहते. जावईबापू मागच्या सुट्टीत आले तेव्हा त्यांनी हे बसवून दिलं. "मामा, तिथं काय चाललंय ते आता तुम्हाला इथं बसून कळेल," म्हणाले. उपकारच केले म्हणायचे. तेव्हापासून मार्गशीर्ष लागला की माझ्या जिवाला घोर लागतो. पावसाळ्यात आमच्या पावसाची काळजी आणि हिवाळ्यात त्यांच्या बर्फाची, असा माझा बारमाही धंदा झाला आहे.

इशारे आम्हाला नवे नाहीत. आमचा जिल्हा किनारपट्टीचा. समुद्र तिकडे कारवारला आणि आम्ही इकडे घाटावर, जंगलात. पण इशारा निघाला की तो अख्ख्या जिल्ह्याला. पिवळा झाला, केशरी झाला, लाल झाला, की शाळेला सुट्टी, आणि पोरं वहाळात खेकडे धरायला मोकळी. त्यामुळे लाल रंगाला घाबरावं असं आमच्या घरात कुणाला कधी वाटलंच नाही.

पौषातली गोष्ट. तिच्या गावाचा इशारा आला. हिमवादळ. किनाऱ्यालगत अठरा ते चोवीस इंच बर्फ, सोसाट्याचा वारा, वीज जाण्याची शक्यता, घराबाहेर पडू नका. घरी येऊन मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. बायको अंगणात कोनफळांची माती झाडत बसली होती.

"चोवीस इंच?" ती म्हणाली. "एवढ्याला भ्यात्यात व्हय ती लोकं? आपल्याकडं आषाढात एवढा पाऊस पडतोय तरी कोण विचारत न्हाई."

मीही हसलो. खरं सांगायचं तर बर्फ आम्हाला माहीत तो कारवारहून येणाऱ्या मासळीच्या पेटीतला. पाऊस पडतो आणि वहाळातून काळी नदीला जाऊन मिळतो. पडल्या जागी साचून राहणारं आणि दार अडवणारं पाणी आमच्या डोक्यात बसत नव्हतं. एवढं मात्र मला ठाऊक होतं की जावईबापू कामासाठी दुसऱ्या शहरात गेले होते, विमानं बंद पडल्यानं तिथंच अडकले होते, आणि घरात लेक आणि दोन वर्षांची नात, दोघीच होत्या. हसून झाल्यावर मी तो इशारा पुन्हा एकदा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आमची सकाळ म्हणजे तिची रात्र. आमच्या घरात रेंज नाही. घरामागच्या चढावर फणसाखाली उभं राहिलं की फोन लागतो, तोही त्याची मर्जी असेल तर. सकाळी आम्ही दोघं तिथं जाऊन उभे राहतो, हे लेकीला माहीत असतं.

"आप्पा, लाईट गेली," ती म्हणाली. "हीटर बंद पडलाय. घर थंड होत चाललंय. फोनची बॅटरी पण संपत आलीय."

मागं नात रडत होती. अशा वेळी मी 'काळजी करू नकोस' एवढंच म्हणतो, आणि ते ऐकून आजवर कुणाची काळजी गेलेली नाही. बायकोनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"रडू नगो बाय. उन्हाळ्यात मागल्या दारी कणसं भाजत हुतीस, तो कोळसा हाय का?"

"हाय. अर्धं पोतं हाय."

"मग भ्याचं काय कारण? घमेल्यात निखारे कर. निजायच्या खोलीत ठेव. पोरीला पोटाशी घे. दारं-खिडक्या गच्च लाव, फटीत चादर कोंब. वारा आत येता कामा न्हाई."

मी फोनपाशी तोंड नेऊन म्हटलं, "आई सांगती तसं कर."

"बरं, आप्पा." आणि फोन बंद झाला.

बायकोचा चेहरा एकदम निवळला. माझाही. आमच्याकडे थंडीत सगळे असेच झोपतात. मधल्या घरात विस्तव, त्याच्याभोवती अंथरुणं. आमची थंडी काही खोटी नाही. जंगलातला गारवा हाडात शिरतो. माझी आई तशीच झोपली, आम्ही तसेच झोपलो, लेकही तशीच निजत मोठी झाली. सातासमुद्रापलीकडे पोरीला आपण दोन शब्दांनी ऊब पाठवली, असं वाटून मी मोटरसायकलला लाथ मारली आणि कामावर निघालो.

गणेशगुडीजवळ नदीच्या काठी एक लॉज आहे. तिथं मी पाहुण्यांची व्यवस्था बघतो. काही जण पक्क्या खोल्यांत राहतात, काहींना तंबूत राहायची हौस असते. थंडीत संध्याकाळी प्रत्येक तंबूसमोर आम्ही कोळशाची शेगडी देतो आणि देताना मी एक वाक्य म्हणतो: "शेगडी बाहेरच ठेवायची, तंबूत न्यायची नाही." पाहुणा कन्नड असेल तर कन्नडमधून, मराठी असेल तर मराठीतून. मालकांनी पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हापासून म्हणत आलो. का, ते मी विचारलं नाही. तंबू कापडाचा, ठिणगी उडाली तर पेटेल, एवढं न कळायला मी काय खुळा आहे?

त्या सकाळी नाष्ट्याला पुण्याचं एक कुटुंब बसलं होतं. त्यातली मुलगी नाक पुसत म्हणाली, "काका, रात्री गारठून गेलो. शेगडी आत घेऊ दिली असती तर काय झालं असतं?"

"तंबूची होळी झाली असती, आणि बोंब मारायची पाळी माझ्यावर आली असती," मी म्हणालो. सगळे हसले.

तिची आजी मात्र हसली नाही. "होळी नंतरची गोष्ट," ती म्हणाली. "बंद जागेत कोळसा जळला की त्याचा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, काही नसतं. गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. आमच्या शेजारचं एक जोडपं असंच गेलं, थंड हवेच्या ठिकाणी, हॉटेलच्या खोलीत."

माझ्या हातात चहाची किटली होती. मी म्हणालो, "पण आजी, आम्ही तर जन्मभर घरात विस्तव ठेवून झोपतो."

"तुमचं घर कौलारू असेल. धुराला वाट असते. बंद खोलीत मात्र कधी करू नका."

किटली मी कुठं ठेवली ते मला आजही आठवत नाही. डोळ्यांसमोर लेकीचं घर आलं. नवीन घेतलं तेव्हा जावईबापूंनी व्हिडिओवर सगळं फिरवून दाखवलं होतं. खिडक्यांना दोन-दोन काचा. दाराला रबर. "मामा, बाहेर वादळ असलं तरी आत वाऱ्याची झुळूक येत नाही," असं कौतुकानं सांगितलं होतं. आणि एवढ्यावर आमचं समाधान झालं नाही. उरल्यासुरल्या फटीत चादर कोंबायला आम्ही सांगितलं होतं. पोरगी गुणी. आईचा शब्द तिनं कधी मोडला नाही. शेजारणीला मी हे किती वेळा अभिमानानं सांगितलं असेल, आणि आता तेच आठवून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ऑफिसात वायफाय आहे. तिथं धावलो. लेकीचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. पुन्हा पुन्हा तेच. मग जावईबापूंना लावला. त्यांनी झोपेतच उचलला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"खोलीत? दार बंद करून?"

"व्हय. आम्हीच सांगितलं."

"मामा, फोन ठेवा. मला फोन करायचेत."

ते मला बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी ऑफिसच्या पायरीवर बसलो. खाली नदीत होड्या निघाल्या होत्या, लाल टोप्या घातलेले पाहुणे पाणी अंगावर उडालं की किंचाळत होते. एकाला ओरडून गप्प बसवावं असं वाटलं. त्याचा काय दोष? तो पैसे भरून किंचाळत होता.

फोन उघडून बघितला. नकाशात तिच्या गावावर वादळाचा जांभळा डाग पसरला होता, इशाऱ्याची वेळ वाढवली होती. बाहेर बर्फ पडत होता, रस्ते बंद होते, आणि गंमत अशी की मला त्या बर्फाची भीती उरलीच नव्हती. उलट कुठलीतरी खिडकी फुटावी आणि सगळं वादळ तिच्या खोलीत घुसावं, असं मी मनात म्हणत होतो. उळवीच्या देवाला नवस बोलायला हात जोडले, पण काय बोलायचं ते सुचेना. नारळ? अभिषेक? दोन जिवांपुढं सगळंच हलकं वाटत होतं.

मला घरी जायची भीती वाटत होती. तिकडे बायकोला कशाचाच पत्ता नव्हता. ती निवांत भाजी चिरत असेल, पोर उबेत निजली म्हणून खूश असेल. काही बरंवाईट झालं तर मी जाऊन सांगणार काय? तू म्हणालीस दारं गच्च लाव, म्हणून? आणि 'आई सांगती तसं कर' म्हणून वर शिक्का कोणी मारला? ती माझी बायको आहे, ती मला सोडेल एक वेळ, पण ती स्वतःला सोडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. लेक गेली तर घरात दोघं उरणार नाहीत, एकही उरणार नाही. असले विचार भरदिवसा येत होते, आणि स्वयंपाकी मला विचारत होता की दुपारी किती भाकऱ्या टाकू.

फोन वाजला तेव्हा मी तो आधी उचललाच नाही. स्क्रीनवर जावईबापूंचा फोटो दिसत होता, नातीला खांद्यावर घेतलेला. स्वयंपाकी म्हणाला, "उचला की." मग उचलला.

"मामा, दोघी बऱ्या आहेत."

पुढचं ते सांगत होते ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. शेजारी एक म्हातारी बाई राहते. तिला त्यांनी उठवलं. ती गुडघाभर बर्फातून गेली, दार ठोठावत राहिली. बराच वेळ आतून हूं की चूं नाही. शेवटी लेकीनं कसंबसं येऊन दार उघडलं आणि तिथंच खाली बसली. म्हातारीनं आधी नातीला उचलून बाहेर आणलं. मग बर्फातून वाट काढत आगीचा बंब आला, त्या लोकांनी दोघींना प्राणवायू दिला. आता दोघी म्हातारीच्या घरी होत्या, तिथं जनरेटरवर हीटर चालू होता.

थोड्या वेळानं म्हातारीच्या फोनवरून लेकीनं स्वतः फोन केला. आवाज जड होता.

"डोकं ठणकतंय नुसतं, आप्पा. बाकी काय न्हाई. छताला भोंगा हाय, धुरानं, असल्या वायूनं वाजतो. पण फोडणी दिली की बोंबलायचा म्हणून मीच त्याची बॅटरी काढून ठेवली हुती."

मग ती हळूच म्हणाली, "कोळशाचा वास आला आणि आपल्या घरी असल्यागत वाटलं बघा. पोर पण रडायची थांबली. किती दिसांनी इतकी छान झोप लागत हुती. दार वाजत हुतं ते ऐकू येत हुतं, पण उठूच नये वाटत हुतं."

मी मोटरसायकल काढली आणि घरी गेलो. रस्ता कसा संपला ते माहीत नाही. बायको दारात आली. "लागला का फोन? निजल्या का दोघी उबेत?"

सांगू नये असं वाटेत शंभरदा ठरवलं होतं. पण तिनं हसून विचारलं आणि माझ्यानं राहवेना. पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, लेकीच्या झोपेसकट. ती रडेल असं वाटलं. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत उभी राहिली.

"आता जागी हाय?"

"जागी हाय. धोका टळला म्हणत्यात."

तिनं माझ्या खिशातून फोन काढून घेतला आणि घरामागचा चढ चढू लागली. मी मागं. फणसाखाली जाऊन मी म्हातारीचा नंबर लावून दिला. लेक फोनवर आली. इतकी वर्षं फोन ठेवताना आई तिला एकच सांगत आली आहे: 'निज आता.' त्या दिवशी म्हणाली, "बाय, निजू नगो. आईसंगं बोलत ऱ्हा."

"आई, झोपलं तरी चालतंय. ते लोक बघून गेलेत."

"त्यांना काय कळतंय. निजू नगो म्हणती न्हवं मी."

मग बायकोनं गाईचं सांगितलं, कोनफळं किती निघाली ते सांगितलं, कुणाच्या घरी कुणाचं लग्न ठरलं ते सांगितलं. तिकडे पहाटही झाली नव्हती. पोरीचे हुंकार मंद होत चालले होते. जरा गप्प झाली की बायको घाबरून तिच्या नावानं मोठ्यानं हाक मारायची, आणि तिकडून "ओ" आली की पुढं बोलायची.