तेवीस गेले, बारा राहिले

साल दोन हजार चोवीस, माझं वय एकोणऐंशी. घाटकोपरच्या खोलीत दाढी करत होतो. सदाच्या मुलीचा, सुलूचा फोन आला. "काका, बाबा गेले." अर्धी दाढी तशीच ठेवून चारकोप गाठलं. लोक बघत होते. बघू देत.

सदा आणि मी एका गिरणीत, एका खात्यात; दोघंही कोकणातले. माझी शाळा चौथीत सुटली, अजून बोट ठेवून वाचतो. गिरणीच्या नाटकात सदा शिवाजी महाराज आणि मी मिर्झाराजे जयसिंग. पुरंदरच्या तहाचा प्रवेश, महाराज पस्तीसपैकी तेवीस किल्ले सोडतात तो. चाळीतल्या घराघरांतून निकामी कुलपांच्या तेवीस चाव्या गोळा करून आम्ही जुडगा केला. मला वाचायला वेळ लागे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सदाच सगळा प्रवेश म्हणून दाखवायचा, माझी वाक्यं आणि स्वतःचीही. दिग्दर्शक त्याला सांगायचा, चाव्या देताना मान खाली घाल. सदा म्हणायचा, "चाव्यो देतंय, मान देवचंय नाय!" आणि प्रयोगात जाता जाता मागं वळून त्यानं पदरचं एक वाक्य टाकलं, "बारा राहिलेत, मिर्झाराजे!" अशा शिट्ट्या पडल्या की माझं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही.

जुडगा माझ्याकडे राहिला. किल्ले मी घेतले होते ना! खोलीत खिळ्याला टांगला. तेव्हापासून मी त्याचा मिर्झा. भेटला की, "काय रे मिर्झा, माझे किल्ले नीट आसत मा?" मी म्हणायचो, "ये की घ्यायला!" तो म्हणायचा, "येतलंय. घाई कित्याक?"

गिरणी बंद पडली तेव्हा भलेभले खचले. सदा चारकोपच्या एका कारखान्यात वॉचमन झाला. मला म्हणाला, "तेवीस गेले, बारा आसत." त्याची बायको गेली, तेव्हा मी वाट बघत बसलो, आता म्हणेल, आता म्हणेल... बोललाच नाही. तेराव्याला पान वाढलं, तेव्हा हळूच म्हणाला, "अकरा." पुढं अर्धांगवायूनं उजवा हात गेला. डाव्या हातानं चहाचा कप उचलून हसत म्हणाला, "धा आसत रे अजून."

या वर्षी चारकोपच्या मंडळानं शिवजयंतीला आम्हाला तेच नाटक करायला बोलावलं. पण अध्यक्ष म्हणाला, "आजोबा, तह नको, फक्त राज्याभिषेक करू. महाराज हरलेले पब्लिकला नाही आवडत." सदा भडकला. "दिले म्हणान परत घेतल्यानी ना? ता दाखवक नाय तर गादी खयसून इली?" आणि मी... मी म्हणालो, "सोड रे सदा, राज्याभिषेक तर राज्याभिषेक." सदा म्हणाला, "मिर्झा, शेवटी तू तिकडचोच."

मी उठून चालता झालो. तीन आठवडे फोन केला नाही. त्यानंही नाही. मग आला तो सुलूचा. मी चुकलो. हे मी कुणाला सांगत नाही, पण लिहायला बसलोय तर लिहितो.

त्याला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेली अर्धी दाढी केली, खिळ्यावरचा जुडगा उतरवला, खोबरेल तेलानं एकेक चावी पुसली आणि दोन बस बदलून चारकोपच्या मंडळात गेलो. अध्यक्षाला सांगितलं, "तह होणार. पुरा होणार."

"पण आजोबा, महाराज कोण करणार?"

"मी."

"एवढं पाठांतर होईल तुम्हाला, या वयात?"

मी तिथंच उभा राहून सदाचं पहिलं वाक्य म्हटलं, मग दुसरं, मग तिसरं... तेवीसच्या तेवीस किल्ल्यांची नावं घेतली. आतले कॅरम खेळणारे बाहेर आले. जुडगा मी अध्यक्षाच्या हातात दिला. मान ताठ ठेवून.

"आता मिर्झा तू. नीट सांभाळ. परत घ्यायला येणार आहे मी."