कॉफीच्या रोपांना शेवग्याचा रस

किल्लारीत कॉफी लावणारी बाई म्हणून गुणाबाईंची गावभर थट्टा झाली. इथं तुरीला पाणी पुरेना आणि ही म्हणे कॉफी लावतेय! गुणाबाईंनी कुणाचं मनावर घेतलं नाही. त्यांना फक्त नवऱ्याला, धोंडप्पांना, बाजेवरून उठवायचं होतं.

तरुणपणी दोघांनी चिकमगळूरकडच्या कॉफीच्या मळ्यांत मजुरी केली होती. तिथं फुलं आली की सगळा डोंगर पांढरा व्हायचा. मोगऱ्यासारखा तो वास अंगावरच्या गोधडीलासुद्धा लागायचा. आता धोंडप्पांची नजर गेली होती आणि जेवणावरची वासनाही. "माझं झालं आता," एवढंच ते म्हणायचे. त्या फुलांचा विषय निघाला की मात्र त्यांची मान हळूच वळायची. तेवढ्या आशेवर गुणाबाईंनी ट्रक चालवणाऱ्या भाच्याकडून मूठभर पिकली फळं मागवली आणि बिया दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत टोचल्या.

रोपं उगवली, पण दोन पानांवर येऊन रुसून बसली. गुणाबाईंना वाटलं, बाळंतिणीच्या अंगात बळ आणणारा शेवगा रोपांना का नाही चालणार? त्यांनी कोवळा पाला पाट्यावर वाटला, पिळला आणि तो हिरवागार रस तसाच ओतला. दोन दिवसांत पानांच्या कडा काळ्या पडल्या, तीन रोपं गेली. बाई रडकुंडीला आली.

ते ऐकून धोंडप्पा कितीतरी महिन्यांनी हसले. "बाळंतिणीला पैल्याच दिशी डिंकाचा लाडू चारतीस का? आदी पातळ पेज देत्यात."

मग रसाची वाटी रोज आधी बाजेपाशी यायला लागली. धोंडप्पा त्यात बोट बुडवायचे, चिमटीत चोळायचे, "दाट हाय, पाणी घाल," म्हणायचे. मग उन्हं कलल्यावर गुणाबाई तो पातळ रस पानांवर शिंपडायच्या. हळूहळू नवी पानं फुटली. धोंडप्पा ती चाचपायचे, आणि दोघांनाही ते मळे आठवायचे. अशा वेळी भूकंपानंतर बांधलेल्या एका रांगेतल्या सारख्या घरांमागं डोंगर उभा राहायचा, गल्लीत धुकं उतरायचं, कुणीतरी कानडीत हाका मारत टोपल्या घेऊन वर चढायचं. शेजारच्या गिरणीचा आवाजही तेव्हा कानांत शिरत नसे.

रोपं वीतभर झाली तेव्हा गुणाबाईंनी मागच्या मोरीजवळ जागा धरली. सांडपाणी आयतं मिळालं असतं.

"तिथं नगं," धोंडप्पा म्हणाले. "ह्या खिडकीखाली लाव."

"अवो, तिकडं पाणी जात न्हाई."

"तर तू घाल. फुलाला तीन साल लागत्यात. मला हितं बाजेवर वास आला पायजे."

गुणाबाईंनी पदरानं डोळे पुसले, कुदळ उचलली आणि खिडकीखाली खणायला घेतलं.