रिकाम्या खुर्चीसमोरचा तास

डॉ. मालतीबाईंना मी पहिल्यांदा भेटले ती बारामतीतल्या त्यांच्या दवाखान्यात, समुपदेशकाची नोकरी मागायला. इंदापूरहून एसटीने, प्रमाणपत्रांची फाईल पोटाशी धरून. बाईंनी फाईल उघडलीच नाही. "किती वेळ गप्प बसता येतं तुम्हाला?" एवढंच विचारलं. मी तर बोलायचं शिकून आले होते! तरी त्यांनी ठेवून घेतलं. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी लिहिताना ते दिवस आठवून जीव हळवा होतो.

व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णांपुढे तेव्हा घरचे हात टेकत. बाई मात्र दर आठवड्याला, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलत बसत.

वरकुट्याची सुरेखा (नाव बदललं आहे) गुरुवारी अकराला यायची. आज ज्याला डोक्यावर घ्यायची, उद्या त्याचं तोंड पाहायची नाही. नवऱ्याचं घर चारदा सोडून झालं होतं. पाचव्यांदा न्यायला येणार नाही, असं त्याने बजावलं होतं. दीड वर्षाने बाईंशीही तिचं बिनसलं. पुन्हा येणार नाही म्हणत ती दार आपटून गेली. मी तत्परतेने तिची वेळ दुसऱ्या रुग्णाला देऊन टाकली. बाईंनी आवाज न चढवता मला झाडलं, त्या रुग्णाला वेगळी वेळ दिली आणि पुढचे सहा गुरुवार अकरा ते बारा रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिल्या. मला तो वेडेपणा वाटला, कबूल करते.

सातव्या गुरुवारी सुरेखा दारात उभी.

"मी येणार न्हाय म्हणलं व्हतं, तरी तुमी हितंच?"

"तास तुझाच आहे. बस," बाई म्हणाल्या.

त्यानंतर ती तीन वर्षं येत राहिली.

उपचार संपले तरी बाई माणसाला विसरत नाहीत. जुन्या रुग्णांची हरकत नसेल तर दरवर्षी मला त्यांच्या घरी पाठवतात. बरी आहेस का, असं विचारायचं नाही. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी काय केलं ते विचारायचं, ही त्यांची ताकीद. गेल्या महिन्यात वरकुट्याला गेले. सुरेखाचे उपचार संपून बारा वर्षं झाली. राग अजून येतो, भांडणं होतात; घर मात्र तिने पुन्हा सोडलेलं नाही. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी काय करतेस, विचारलं.

"च्या करते. दोघांचा."

या ग्रंथासाठी दोन शब्द मागितले, तेव्हा म्हणाली, "बाईंना सांगा, तुमच्यावाचून माझं आता भागतंय."

हा निरोप मी भीतभीतच पोचवला. बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे पुसत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना एवढं सुखावलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि त्यांच्यावाचून भागणारी माणसं आमच्या बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत वाढत राहोत.