दोन तांबे विसण

जळगावच्या एका मालकाने मोठ्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, न्हाणी असं सगळं बसवून ती सहलींना भाड्याने द्यायला काढली, तेव्हा तिच्यावर ड्रायव्हर म्हणून चाळीसगावचा नवल लागला. कॅराव्हॅन हा शब्द काही त्याच्या तोंडात बसेना. तो तिला घरगाडी म्हणे आणि लेकीसारखी जपे.

मागच्या हिवाळ्यात धुळ्याचं एक कुटुंब घेऊन तो तोरणमाळला गेला. प्रेमराज, त्याची बायको मेघा, आई मंजुळाबाई आणि ऐंशीला टेकलेले वडील, चिंधा नाना. नानांना साखरेचा जुना आजार, पावलं पार बधिर झालेली. रोज सकाळी मेघा त्यांचे पाय शेकायला टबात पाणी काढी. गिझरचं गरम पाणी, त्यात मोजून दोन तांबे थंड पाण्याचं विसण. पहिल्या दिवशी हात बुडवून तिने ते माप ठरवलं होतं. पुन्हा हात बुडवायची गरज तिला वाटली नाही.

गाडीतली टाकी लहान. सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या की नवलच्या वाट्याला गार पाणी येई, आणि तोरणमाळची थंडी तर हाडात शिरलेली. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने कोणाला न सांगता गिझरचं बटण पन्नासवरून सत्तरवर नेलं. शेवटी आपल्याला कोमट तरी मिळेल, एवढंच त्याच्या मनात. माणूस वाईट नव्हता हो, गारठला होता.

मेघाने नेहमीचं दोन तांबे विसण घातलं. नानांनी पाय टबात सोडले. नवल दाराशीच उभा होता. वाफ जरा जास्त दिसली म्हणून त्याने विचारलं, "नाना, पानी कसं शे?"

"बेस शे, भो," नाना हसून म्हणाले. नवलचा जीव भांड्यात पडला.

पाय बाहेर काढले तेव्हा कातडी टबातच राहिली. बाकीचे नानांना उचलून घेत होते, तेवढ्यात नवलने बटण गुपचूप पन्नासवर आणलं. ते का, हे त्याला आजही सांगता यायचं नाही. जखमा चिघळल्या आणि दीड महिन्यात नाना गेले. सुनेने विसण घालायचाही आळस केला, असं भाऊबंदांत बोललं जाऊ लागलं. नवल मूग गिळून बसला.

तेव्हापासून त्या बटणाला हात लावला की मागून नाना बोलतात. तोच समाधानाचा आवाज. "बेस शे, भो." नवल वळून बघत नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं. आता गाडीत कोणीही असो, गिझर चाळिसाच्या वर जात नाही. गिऱ्हाइकं ओरडतात. तो स्वतः थंडगार पाण्याने अंघोळ करतो, पण आवाज काही जात नाही.

वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं; नानांचा त्याच्यावर जीव होता ना! पंगतीत मेघा भाजी वाढत होती, पुऱ्या वाढत होती, पण पाण्याचा जग शेजारची कलाबाई फिरवत होती. वर्षभर मंजुळाबाईंनी सुनेच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, कोणाला घेऊ दिलं नव्हतं. हे नवलला कळलं तसा तो पानावरून उठला.

"अक्का, मेघावहिनीनी काहीच चूक नई. गिझरनं बटन मीच फिरायेल व्हतं. कोनलेच सांगं नई."

मंजुळाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "देवमानूस शे रे बापा तू! दुसरानं पाप सोताना आंगवर लेस."

"नवलभाऊ, तेव्हा मी स्वतः बटण बघितलं होतं," प्रेमराज त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "पन्नासवरच होतं."

नवलने पोराबाळांच्या शपथा घेतल्या. तो ढसाढसा रडला. जितका रडला, तितका तो लोकांच्या नजरेत मोठा होत गेला.

मेघा भाजीचं भांडं खाली ठेवून पुढे आली आणि त्याच्या पाया पडली.

"भाऊ, माझ्यासाठी खोटं नका बोलू. हात मीच बुडवला नव्हता. पण माहेरच्यांनीसुद्धा माझी बाजू अशी घेतली नाही. यंदाची राखी मी तुम्हाला बांधीन."