दारावरच्या लोंब्या

दवनीवाड्याच्या भूमेश्वरीबाईला फोटोचं खूळ लागलं ते २०११ च्या हिवाळ्यात. मुलीनं, ओमेश्वरीनं, नागपूरहून हातात मावेल एवढा कॅमेरा आणून दिला, आणि या बाईनं घरची माणसं सोडून तो रोखला कोणावर, तर अंगणातल्या चिमण्यांवर! नवरा योगराज चिडवायचा, "माहा फोटो काढाले मी पंख लावू का आता?"

धानाची कापणी लागण्याआधी शेतातल्या एखाद्या बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यातून, मूठभर लोंब्या आणायच्या, त्यांची जुडी विणून पाखरांसाठी दारावर टांगायची, ही घरची रीत. भूमेश्वरीचा त्यात हात बसलेला. यंदा तिनं दोन विणल्या. एक आपल्या दाराला लावली, दुसरी शेजारच्या रुक्माबाईला दिली.

पण चिमण्या कसल्या नखऱ्याच्या! कॅमेरा वर केला की भुर्र. फोटोत नुसत्या शेपट्या यायच्या. दोन दिवसांनी सकाळी मात्र नवलच झालं. बाई अगदी वीतभर अंतरावर गेली तरी ओसरीच्या कठड्यावरची चिमणी हलेना. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसून राहिली.

"बापा! ओळखीची झाली वो ही तं," म्हणत बाई हरखून फोटोवर फोटो काढत सुटली. तेवढ्यात चिमणी कठड्यावरून खाली पडली. पाय ताठ झाले आणि कारभार आटोपला.

तुळशीमागे आणखी दोन पडलेल्या दिसल्या. बाईनं कॅमेरा ओसरीवर टाकला नि योगराजला हाक मारली.

"अवो, इकडे या लवकर!"

योगराजनं चिमण्या पाहिल्या, मग दारावरची जुडी पाहिली. त्याचा चेहराच उतरला. "लोंब्या कोणत्या बांधीतल्या आणल्या तू?"

"नाल्याजवळच्या. बाकी सगळीकडे तुडतुडे होते, तिथंच नव्हते."

"कसे राहतील? तू आणाच्या आदल्या दिवशीच औषध मारलं मी तिथं. तू नवेगावले भावाकडं गेली होती."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू लोंब्या तोडाले जाऊन राहिली, हे तरी सांगितलं का मले?"

भांडायलाही वेळ नव्हता. बाईनं जुडी ओरबाडून पोत्यात कोंबली, आणि तिला रुक्माबाईची जुडी आठवली. ती अनवाणीच धावली. तिकडच्या जुडीला पाखरू शिवलं नसेल, रुक्माबाईच्या मांजरीच्या भीतीनं तरी चिमण्या आल्या नसतील, असं मनाला समजावत, पदर सावरायचंही भान न ठेवता ती रुक्माबाईच्या फाटकाशी पोचली.

रुक्माबाई दारातच उभी होती. हसत तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू ये वो, हळू. आता बलावणारच होती तुले. पाहा कशा बसून राहिल्या गरीबावानी! हात लावला तरी उडत नाही. कॅमेरा नाही आणला काय?"

कुंपणाच्या काट्यांवर ओळीनं चिमण्या बसल्या होत्या, पिसं फुगवून, डोळे मिटत. दारावरची जुडी खाऊन पार मोकळी झाली होती.

भूमेश्वरी कुंपणाकडं धावली.

"पाणी आण रुक्माबाई, पाणी आण! मीच जहर चारलं वो यायले."