बरणीतला खेकडा

खाडीचा चिखल अंगावर घेऊन घरी येणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. चिखल धुतला जातो, किस्से काही जात नाहीत!

परदेशात वनस्पतिशास्त्र शिकून मी परतले ती एकच ध्यास घेऊन. जुन्या काळचे निसर्ग-अभ्यासक महिनोन्‌महिने जहाजातून फिरून झाडं, प्राणी गोळा करायचे. तेच आपण ठाण्याच्या खाडीत करायचं! टोळीत मी, निवृत्त भावेकाका आणि होडीवाले नाना. संग्रहालयासाठी आम्हाला कोपरीतल्या आमच्या सोसायटीची रिकामी खोली हवी होती. चेअरमन सबनीसकाकांना तिथे जिम हवी होती.

"एक रविवार प्रदर्शन लावा," ते म्हणाले. "मला आवडलं तर खोली तुमची. नाहीतर ट्रेडमिल!"

*

पहिल्या सफरीला मी होकायंत्र, दुर्बीण आणि तीन दिवसांचं खाणं घेतलेलं. ओहोटी लागली आणि होडी कोपरीसमोरच रुतली.

"आता भरतीपर्यंत बसा गप," नाना म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन. मी भारावून म्हणाले, "आई, आम्ही समुद्राकडे निघालोय गं!"

"दिसतंय गॅलरीतून. टोपी घाल!"

*

जहाजावर पानं कागदात दाबून सुकवायचे. भावेकाकांनी खारफुटीची पानं वर्तमानपत्रात घालून गादीखाली ठेवली. काकूंनी ती रद्दीत दिली.

काही दिवसांनी माजिवड्याला काकांनी वडापाव घेतला. कागदाच्या घडीत पान! "सापडलं!" काका ओरडले.

गाडीवाला घाबरला. "झुरळ आहे का साहेब?"

"नाही हो, खारफुटी!"

"मग ठीक. चटणी देऊ?"

*

नानांच्या जाळ्यात एक अवाढव्य खेकडा मेलेला मिळाला. प्रदर्शनाचा हिरोच! जुने लोक असे प्राणी मद्यात टिकवायचे. कोपरीत कोणी बघू नये म्हणून मी डोंबिवलीच्या वाइन शॉपमध्ये गेले. "सगळ्यात कडक वोडका द्या."

"मॅडम, पिणार किती जण?"

"एक खेकडा. मेलेला आहे."

त्याने शांतपणे विचारलं, "मग सोडा नको ना?"

*

शनिवारी मी आणि भावेकाका हॉलमध्ये टेबलं मांडत होतो. खेकडा घरी फ्रिजमध्ये, स्टीलच्या डब्यात, वोडकात. बरणीत सकाळी घालायचा होता.

आईचा फोन आला. "अगं, सबनीस आलेत. जिमवाला ठरला म्हणतायत. जेवायलाच बसवलंय मी, तू ये आणि बोल."

आम्ही पळत घरी. सबनीसकाका म्हणजे थर्टीफर्स्टला गच्चीवर पहारा देणारा माणूस. दारूच्या नुसत्या वासाने नाक धरणारा! ते नांगी चोखत बसलेले. सिंकमध्ये माझा रिकामा डबा.

"वहिनी, असं कालवण जन्मात खाल्लं नाही! खेकडा मुरवलाय कशात?"

"ते लेकीला विचारा," आई अभिमानाने म्हणाली. "परदेशात शिकलीय ती."

भावेकाका पुढे झाले. "शास्त्रीय पद्धत आहे."

सबनीसकाकांनी बोटं चाटली. "जिमवाल्याला मी नाही सांगतो. खोली तुमची!"

रविवारी मधल्या टेबलावर रिकामी बरणी. वर चिठ्ठी: 'खाडीतला खेकडा'. बघायला आलेली एक बाई म्हणाली, "अहो, यात तर काहीच नाहीये!"

सबनीसकाका गर्दीतून पुढे आले.

"होता. उत्तम होता. मी स्वतः तपासलाय!"